सोळा कलांचं ताट: नानकटाई, श्रीखंड आणि मे महिन्यातली गच्ची

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका घरात आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. (घराची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पदार्थ, मापं आणि वेळा जशाच्या तशा आहेत.) दोन पौर्णिमांमध्ये सरासरी 29.53 दिवस जातात, म्हणजे हजार पौर्णिमांना 29,530 दिवस. वय झालं 80 वर्षं आणि वर साधारण 10 महिने. सकाळी घरी शांत, होम आणि जवळच्यांचं जेवण, आणि संध्याकाळी साडेसहाला सोसायटीच्या गच्चीवर साठ माणसं, असा बेत ठरला होता.

नात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिला केक अजिबात नको होता. कार्यक्रमाच्या बारा दिवस आधी ती माझ्याकडे आली. मी घरून बेकिंगच्या ऑर्डरी घेते आणि सुट्टीत वर्गही घेते, त्यामुळे सोसायटीतली मुलं मला मावशी म्हणतात.

"मावशी, हजार चंद्र पाहिलेल्या माणसापुढे कापायची वस्तू कशाला ठेवायची? चंद्रच ठेवू ना ताटात."

तिने वहीत चित्र काढून आणलं होतं. आजीची पितळेची मोठी परात, तिच्या कडेने सोळा गोल नानकटाया, प्रत्येकीवर गडद चॉकलेटचा लेप आणि त्यावर केशरी श्रीखंडाची कोर. पहिली पूर्ण काळी, ती अमावास्या. मग प्रतिपदेची बारीक रेघ, द्वितीयेची कोर, आणि तशी वाढत वाढत शेवटी पौर्णिमेचा भरलेला गोल. मधल्या जागेत बाकीच्या कुकीजची रास, त्यांवरही श्रीखंड, आटवलेला आंबा, चिक्कीचा चुरा. सगळ्यांनी भोवती जमायचं आणि एकाच परातीतून उचलायचं. चित्र पाहून मी लगेच हो म्हटलं. कल्पना खरोखर सुंदर होती. त्या दिवशी मी तिला एकच प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारला नाही: हे लावायचं कधी आणि खायचं कधी?

अटी अशा होत्या. पूजेचा दिवस, त्यामुळे अंडं नको. साठांत चौदा मुलं, आणि सत्तरी ओलांडलेले वीसेक जण. चार-पाच जणांना मधुमेह. एका सात वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी. आणि मे महिना.

अडचण

कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी त्यांच्या घरी रंगीत तालीम केली. नानकटाया उत्तम झाल्या होत्या. वरून केसासारख्या तडा, हातात घेतली की हलकी आणि दातांखाली विरघळणारी. तीन वाजता नातीने बत्तीस नानकटायांवर सगळं लावलं, परात सजवली, फोटो काढले. फोटो फार छान आले. मग आम्ही चहा घेतला, पाहुण्यांची यादी पाहिली आणि साडेपाचला, म्हणजे लावल्यापासून अडीच तासांनी, परातीपाशी आलो.

आजींनी पौर्णिमा उचलली. वरचा श्रीखंडाचा थर बोटांत आला आणि नानकटाईचा तळ परातीतच राहिला, ओल्या वाळूसारखा. दुसरी उचलली, तेच. चतुर्थीची कोर सरकून तिचा गोळा झाला होता. चॉकलेट पंख्याखाली असूनही मऊ पडलं होतं आणि बोटाला काळं लागत होतं. श्रीखंडातून सुटलेलं पिवळसर पाणी परातीच्या खोलगट भागात जमलं होतं.

आजींनी आधी परातीकडे पाहिलं. "अगं, हिला कल्हई कुठंय? आंबट यात थेट घालायचं नाही कधी."

खरं होतं. परात वर्षानुवर्षं कणीक मळायला वापरलेली, कल्हई केव्हाच उडालेली. दह्याचा किंवा आंब्याचा आंबटपणा उघड्या पितळेला लागला की तांबं पदार्थात उतरतं, चव कळकते आणि ते पोटालाही चांगलं नाही. बेकिंगचं शिकवणारी मी, आणि माझ्या हे ध्यानात आलं नाही. ते सगळं आम्ही टाकून दिलं.

नातीचे डोळे भरले होते. तिला वाटलं नानकटाई बिघडली. नानकटाई बिघडली नव्हती, आणि ते तिला नीट समजावणं मला त्या क्षणी सगळ्यांत गरजेचं वाटलं. नानकटाईत पाणी जवळजवळ नसतंच. तुपात पाणी नाही, पिठाला तुपाचा लेप बसल्याने चिकटपणा धरत नाही, म्हणून ती खुसखुशीत. अशा कोरड्या वस्तूवर ओली वस्तू ठेवली की पाणी ओल्यातून कोरड्यात जाणारच. श्रीखंडात पाणी भरपूर, शिवाय साखर चक्क्यातलं पाणी ओढून घेते आणि ते आणखी सैल होतं. नानकटाई जितकी चांगली, तितकी ती लवकर ढासळते. दोन्ही पदार्थ आपापल्या जागी बरोबर होते. चुकले होते ते मधले अडीच तास.

समोरचे पर्याय

सहा दिवस हातात होते. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आम्ही चौघी बसलो: आजी, नात, तिची आई आणि मी.

आईचं म्हणणं सरळ होतं. केक सांगून टाकू, नानकटाया डब्यात भरून पाहुण्यांना जाताना देऊ. सकाळी होम, दुपारी पंगत आणि संध्याकाळी हे, तिच्यावर ताण होताच. हा पर्याय चुकीचा नव्हता, आणि नातीने कार्यक्रमाच्या दोनच दिवस आधी येऊन विचारलं असतं तर मीही तोच सांगितला असता.

दुसरा पर्याय मी सुचवला: नानकटाई जरा कडक भाजू, तूप कमी करू. नमुना म्हणून तिथेच चार भाजल्या. कडक झाल्या, पण सत्तरीच्या माणसांना त्या चावायला लावणं मला पटलं नाही. सोडून दिला.

तिसरा, सगळं ऐन वेळी लावणं. माणशी चार धरल्या तर 240 नानकटाया. एकीला दहा सेकंद म्हटले तरी 2,400 सेकंद, चाळीस मिनिटं. दोघींनी केलं तर वीस. पण तेवढ्यात पहिल्या लावलेल्यांची वेळ सुरू झालेली असते, आणि पाहुणे समोर उभे.

चौथा, ओल्याच्या खाली स्निग्धाचा थर द्यायचा. चॉकलेटमधलं कोको बटर पाणी अडवतं. पण कोको बटर साधारण 32 ते 34 अंशांना वितळतं आणि मे महिन्यात संध्याकाळी गच्चीची फरशीच तापलेली असते. बाजारात मिळणाऱ्या कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तूप असतं, ते उन्हाळ्यात टिकतं, पण टाळूला मेणासारखं चिकटतं. आजोबांच्या ताटात मला ते घालायचं नव्हतं. हे माझं मत आहे, अनेक चांगले बेकर ते वापरतात.

पाचवा पर्याय आजींकडून आला, आणि तो त्यांनी पर्याय म्हणून सांगितलाही नाही. त्या म्हणाल्या, "ताट वाढताना आपण आमटी काय भाकरीवर ओततो का? पातळ ते वाटीत."

मी बरीच पुस्तकं वाचून जे मांडायचा प्रयत्न करत होते ते एवढंच होतं. आपल्या ताटाची मांडणीच अशी आहे. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, पातळ असेल ते वाटीत, आणि कालवायचं काम जेवणाऱ्याच्या बोटांचं. दिवाळीच्या फराळाच्या ताटात तर ओलं काहीच नसतं, म्हणून तर ते घरोघर फिरू शकतं. कुकीजचं ताट म्हणजे काहीतरी नवीन, असं धरून आम्ही चाललो होतो, आणि घरातला नियम घरातच विसरलो होतो.

नात मात्र गप्प होती. वाट्या ठेवल्या तर सोळा कला कुठे गेल्या?

चाचणी

निर्णयाआधी मी एक रात्र मागून घेतली. घरी पाच नानकटाया ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीवर एक एक चमचा वेगळी वस्तू ठेवली. थोड्या थोड्या वेळाने एकेक कोपरा मोडून पाहिला. याला विज्ञान म्हणणार नाही, पण ताट करणाऱ्या प्रत्येकाने एकदा आपल्या स्वयंपाकघरात हे करून पाहावं.

साध्या श्रीखंडाखाली वीस मिनिटांत मऊपणा आला, चाळिसाव्या मिनिटाला मोडताना आवाजच आला नाही. जास्त वेळ बांधलेल्या, वजन ठेवून निथळलेल्या चक्क्याच्या श्रीखंडाने अर्धा तास काढला. आटवलेल्या आंब्याखाली सव्वा तासानेही मधला भाग कोरडा होता. रस मूळच्या तिसऱ्या हिश्श्यावर आणला की उरलेलं पाणी साखर धरून ठेवते. दिसायला ओलं आणि खरोखर ओलं यांत फरक आहे, तो इथे कळतो. क्रीम आणि गडद चॉकलेट समप्रमाणात घेऊन केलेल्या गनाशने दोन तासांनीही नानकटाईला धक्का लावला नाही.

पाचवी नानकटाई महत्त्वाची ठरली. तिच्यावर आधी गनाशचा पातळ लेप देऊन तो फ्रिजमध्ये घट्ट केला होता आणि वर निथळलेलं श्रीखंड. ती पन्नास मिनिटं टिकली. म्हणजे नातीच्या चित्रातच उत्तर होतं. तिने गडद लेप अमावास्येच्या रंगासाठी काढला होता, आणि तोच पाण्याला अडवणारा बांध होता. तालमीत तिने वितळवलेलं चॉकलेट फक्त कोरीबाहेरच्या भागात लावलं होतं, श्रीखंडाखालची नानकटाई उघडी राहिली होती.

काय ठरलं आणि काय केलं

सोळा कला राहतील, पण सोळाच. त्या पाहुणे परातीपाशी यायच्या दहा मिनिटं आधी लागतील. बाकी सगळ्या कुकीज कोरड्या, आणि ओलं सगळं स्टीलच्या वाट्यांत. एका परातीऐवजी तीन ताटं: परात मधोमध, आणि दोन मोठी स्टीलची ताटं गच्चीच्या दोन बाजूंना, म्हणजे गर्दी एका जागी होणार नाही. परातीत केळीचं पान अंथरायचं आणि पितळेला आंबट लागू द्यायचं नाही.

चिक्की पूर्ण रद्द केली. इथे थोडी चर्चा झाली, कारण चिक्कीचा चुरा सगळ्यांना आवडला होता आणि आई म्हणत होती की वेगळ्या वाटीत ठेवू. पण वाटून खायच्या ताटात चमचे फिरतात, चुरा सांडतो, मुलं एका वाटीतला चमचा दुसरीत घालतात. वेगळी वाटी हे तिथे संरक्षण नाही. ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला फोन करून विचारलं. काजू-बदाम त्याला चालत होते, शेंगदाणा कणभरही नाही. मग काजू-बदामाचं पाकीट घेतानाही त्यावरची सूचना वाचून घेतली, कारण एकाच कारखान्यात शेंगदाणे हाताळले जात असतील तर बऱ्याचदा तसं लिहिलेलं असतं.

दुसरा प्रश्न मधुमेहींचा. नातीला नाचणीच्या कुकीज गूळ घालून करायच्या होत्या आणि पुढे 'शुगर-फ्री' अशी चिठ्ठी लावायची होती. याला मी ठाम नकार दिला. गूळ ही साखरच आहे, आणि अशी चिठ्ठी वाचून एखादे काका विश्वासाने चार खातील. चिठ्ठीवर आम्ही लिहिलं: 'नाचणी, गूळ, तूप'. काय आहे ते सांगायचं, किती खायचं ते खाणारा ठरवील. त्या कुकीज आकारानेही लहान केल्या.

मापं अशी. नानकटाईसाठी 800 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम बेसन, 100 ग्रॅम बारीक रवा, 500 ग्रॅम पिठीसाखर, 600 ग्रॅम तूप, वेलची-जायफळ. 20 ग्रॅमचा एक गोळा धरून 110 झाल्या. तूप आणि साखर हाताने पांढरी होईपर्यंत फेसली, त्यात कसूर केली नाही. 160 अंशांवर अठरा ते वीस मिनिटं. घरच्या ओव्हनच्या ट्रेमध्ये सोळा बसतात, म्हणजे सात खेपा. बुधवारी भाजल्या, पूर्ण गार झाल्यावरच स्टीलच्या डब्यात भरल्या. कोमट असताना झाकण लावलं तर आतल्या वाफेने त्या तिथेच मऊ पडतात. गुरुवारी नाचणीच्या 60 आणि खोबऱ्याच्या 70.

शुक्रवारी दही बांधलं. एक किलो चक्का हवा होता म्हणून अडीच लिटर म्हशीच्या दुधाचं दही लावलं होतं, फडक्यात बांधून चाळणीवर ठेवलं आणि वर वरवंटा, रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी बोट लावलं तर ओलं लागलं नाही, इतका घट्ट. साखर नेहमीपेक्षा कमी, 600 ग्रॅम, पुरणयंत्रातून दोनदा काढलं. आंबा मी स्वतः आटवला. जाड बुडाच्या कढईत दीड किलो हापूसचा रस, मंद आच, लांब दांड्याचा झारा. तो रटरटायला लागला की थेंब हातावर उडतात आणि चटका बसतो. अंगभर बाह्यांचा कुर्ता घालून उभं राहावं.

श्रीखंड आणि गनाश दूधदुभत्याचे. उन्हाळ्यात हवा 32 अंशांच्या वर असेल तर असे पदार्थ एका तासाच्या वर बाहेर ठेवू नयेत. म्हणून प्रत्येक ताटात लहान वाट्या, आणि भरलेल्या पुढच्या वाट्या बर्फाच्या पेटीत. पाऊण तासाने वाटी बदलायची, उरलेली वाटी पुन्हा भरायची नाही. हे काम नातीच्या दोन मैत्रिणींकडे नावानिशी सोपवलं. वळवाच्या पावसाचं लक्षण दिसलं तर ताटं खालच्या हॉलमध्ये न्यायची, त्याची वाटही ठरवून ठेवली.

संध्याकाळी

सात वाजता आजोबा खुर्चीत बसले, सुनांनी-लेकींनी ओवाळलं. तेवढ्या वेळात खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात नात गनाश लावलेल्या सोळा नानकटाया फ्रिजमधून काढून श्रीखंड भरलेला कोन हातात घेऊन बसली होती. अष्टमीच्या अर्ध्या गोलापाशी तिचा हात थरथरला, रेघ वाकडी गेली. तिने चमच्याच्या मागच्या बाजूने ती पुसली आणि पुन्हा काढली. मी घड्याळ पाहत होते. नऊ मिनिटं.

परात वर आली. आजोबांनी चष्मा लावून अमावास्येपासून एकेक कला बोटाने मोजली, तृतीयेपाशी थांबले आणि आजींना म्हणाले, "ही आपल्या लग्नाच्या दिवशीची." मग सोळा जणांना सोळा कला वाटल्या गेल्या, घरातल्याच. श्रीखंड लावल्यापासून सतरा मिनिटांत त्या संपल्या. एकही मोडली नाही.

वाट्यांचं गणित मात्र आम्हाला पूर्ण साधलं नाही. ज्येष्ठांच्या एका हातात काठी किंवा पर्स, दुसऱ्यात थाळी. नानकटाईवर श्रीखंड लावायला तिसरा हात कुठून आणणार? दहा मिनिटांत हे लक्षात आलं आणि मैत्रिणींनी खुर्चीपाशी जाऊन विचारून लावून द्यायला सुरुवात केली. मुलांनी चमचे सोडूनच दिले आणि कुकी थेट वाटीत बुडवली, चावली, पुन्हा बुडवली. डाव्या बाजूच्या ताटातल्या दोन वाट्या त्यामुळे लगेच काढून घ्याव्या लागल्या. गच्चीवर वारा सुटला तेव्हा बदामाचे काप उडाले. ॲलर्जी असलेला मुलगा त्या दिवशी सगळ्या ताटांतून बिनघोर खात होता आणि त्याची आई शेजारी बसून शांतपणे गप्पा मारत होती. मला त्या संध्याकाळी सर्वांत समाधान कशाचं वाटलं तर त्याचं.

शेवटी नाचणीची एकही उरली नाही, नानकटाया एकतीस उरल्या, खोबऱ्याच्या बावीस. श्रीखंडाच्या दोन न उघडलेल्या वाट्या पेटीत गार राहिल्या होत्या, त्या घरी गेल्या.

पुन्हा करायचं तर

माणशी चार हा हिशेब पोटभर फराळाचा होता. पंगतीच्या दिवशी संध्याकाळी माणसं तीनच घेतात. साठ जणांना 180 पुरे, आणि त्यांतला तिसरा हिस्सा नाचणीचा. नानकटाईचा गोळा 20 ऐवजी 14 ग्रॅमचा, एका घासाचा. मोठी नानकटाई हाताने मोडावी लागते आणि मोडताना वरचं खाली पडतं.

ज्येष्ठांसाठी गनाशचा लेप दिलेल्या वीस नानकटाया वेगळ्या तयार ठेवून, पाहिजे तशा लावून, खुर्चीपाशी द्यायच्या. लेपाने पन्नास मिनिटं मिळतात हे चाचणीत दिसलं होतं, तरी तो फक्त सोळांना दिला. तिथे मी जास्त सावध राहिले.

मुलांसाठी सामाईक वाटीच नको. कागदी द्रोणात प्रत्येकाला थोडं थोडं, मग कितीदाही बुडवा. बदामाचे काप वाटीत न ठेवता आंब्याच्या वाटीवर दाबून बसवायचे.

एका गोष्टीवर नातीचं आणि माझं अजून एकमत नाही. ती म्हणते सोळा कला वाटायच्याच नव्हत्या, शेवटपर्यंत परातीत राहायला हव्या होत्या, उशिरा आलेल्यांनी पाहिल्याच नाहीत. मी म्हणते पाऊण तासाने त्या मोडल्याच असत्या. परवा ती पुन्हा वही घेऊन आली. आता तिने सोळा कला बिनश्रीखंडाच्या काढल्या आहेत: नाचणीची काळपट कुकी आणि तिच्यात भाजण्याआधीच बसवलेली नानकटाईच्या पिठाची फिकी कोर. दोन पिठं एकाच ट्रेमध्ये, एकाच वेळी भाजली जातील का, ते या रविवारी बघणार आहोत.